वानराचा अंगठा

सटाण्याहून एका वाचकभगिनींनी आम्हांस पत्र लिहून विचारले आहे की, त्यांच्या पुतण्याच्या शाळेतील पुस्तकात ‘स्पायडर मंकी’ नामक प्राण्याचे चित्र आहे. त्यास मराठीत काय म्हणावे, आणि तो आपल्याकडील वानरांचा कोण लागतो? प्रश्नाचा पूर्वार्ध वाटतो तितका सोपा नाही. स्पायडर म्हणजे कोळी हे खरे. परंतु ‘कोळी माकड’ असे म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे जाळे विणणारा अष्टपाद जीव न येता जाळे टाकणारा मनुष्यच उभा राहावयाचा. संस्कृतात कोळ्यास ऊर्णनाभ असा सुंदर शब्द आहे; त्यावरून एखादे भारदस्त नाव घडविता येईल, पण ते कोणत्याही घरात दुसऱ्यांदा उच्चारले जाणार नाही. म्हणून ह्या लेखापुरते आम्ही त्यास कोळीवानर असे म्हणतो. प्रश्नाचा उत्तरार्ध मात्र फार मनोरंजक आहे, आणि तो आम्हांस सातासमुद्रांपलीकडून थेट आमच्या भावडबारीच्या घाटापर्यंत घेऊन आला.

कोळीवानर हा मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून बोलिव्हियापर्यंतच्या उष्ण व दाट अरण्यांचा रहिवासी. देह लहान, सात-आठ शेरांचा. पण हात, पाय आणि शेपूट ही इतकी लांब व सडपातळ की, पाचही अवयव पसरून तो फांदीला लोंबकळू लागला म्हणजे जाळ्यात बसलेल्या कोळ्याचीच आठवण व्हावी. शेपटीच्या टोकाशी आतील बाजूस केस नसतात. तेथील त्वचा आपल्या बोटाच्या पेरासारखी उघडी, रेषांनी भरलेली असते. त्या एका शेपटीवर सारा देह तोलून तो दोन्ही हात फळे तोडावयास मोकळे ठेवतो. पाचवा हातच म्हणा ना! पेरू देशातील नाझ्का येथे प्राचीन लोकांनी उजाड पठारावर कोरलेल्या प्रचंड आकृतींत एक वानर आहे. त्याच्या शेपटीचे भलेमोठे वेटोळे पाहिले म्हणजे ती शेपूट त्या लोकांच्या मनात किती भरली होती हे ध्यानात येते.

एवढी शेपूट देणाऱ्या विधात्याने ह्या प्राण्यास अंगठा मात्र दिलेला नाही. हाताला चार लांब बोटे, आणि अंगठ्याच्या जागी फार तर एखादा लहानसा उंचवटा. १८०६ साली फ्रान्समधील प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सँ-तिलेर यांनी ह्या कुळाचे नामकरण केले, तेव्हा त्यांनी ग्रीक भाषेतून ‘अतेलेस’ हा शब्द उचलला. त्याचा अर्थ ‘अपूर्ण’.

आता आपल्या अंगणातल्या वानराकडे वळू. काळ्या तोंडाचा, रुपेरी अंगाचा, लांब शेपटीचा जो प्राणी आपण वानर म्हणून ओळखतो, त्याचा हात कधी जवळून पाहण्याचा योग आला तर पाहावा. बोटे लांब, आणि अंगठा अगदी आखूड, मागे सरलेला. आफ्रिकेत ह्याचे जे भाऊबंद आहेत त्यांचा अंगठा तर जवळजवळ नाहीसाच झाला आहे; त्या कुळाचे नाव ‘कोलोबस’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘छाटलेला’. एकाला पंडितांनी अपूर्ण म्हटले, दुसऱ्याला छाटलेला! एकलव्याने अंगठा कापून दिला, त्यात त्याचे धनुर्धरत्व गेले. परंतु ह्या वानरांचे काहीच गेलेले नाही. फांदीवरून फांदीवर वेगाने जाताना हाताचा उपयोग आकड्यासारखा व्हावा लागतो. चार बोटे वाकवून फांदीत अडकविली आणि सोडली, की काम झाले. मध्ये आडवा येणारा अंगठा ही तेथे अडचणच असते. ज्यास आपण व्यंग म्हणतो ते त्या उंचीवर गेले म्हणजे सोय ठरते.

विशेष हे की, ही सोय दोन्ही कुळांनी एकमेकांपासून शिकलेली नाही. अमेरिकेतील वानरे आणि आपल्या जुन्या खंडांतील वानरे ह्यांचे पूर्वज सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच विभक्त झाले. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, नाते आहे, पण फार दूरचे; सुतकसुद्धा लागणार नाही इतके दूरचे. साम्य जे दिसते ते रक्ताचे नसून धंद्याचे आहे. दोघांनीही झाडाच्या शेंड्यावर संसार मांडला, म्हणून दोघांचाही हात तसा झाला.

आमच्या पूर्वजांनी हा धंदा चांगला ओळखला होता. अमरकोशात वानराची जी नावे दिली आहेत त्यांत शाखामृग आहे, प्लवग आहे, आणि वनौकस्, म्हणजे वन हेच ज्याचे घर तो, असेही आहे. वलीमुख, म्हणजे सुरकुतलेल्या तोंडाचा, हे नाव वाचून वर्गातील मुले आमच्याकडे पाहून हसत असत, ते सोडून देऊ. ह्याखेरीज संस्कृत ग्रंथांत गोलाङ्गूल असा एक शब्द येतो. गाईसारखी शेपूट ज्याची तो गोलाङ्गूल. हिंदीतील लंगूर हा शब्दही लाङ्गूल, म्हणजे शेपूट, ह्यावरूनच आलेला. मराठीने वानर आणि माकड असे दोन शब्द वेगळे राखले आहेत, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. शहरातील मुले हल्ली दोघांनाही सरसकट माकड म्हणतात, तसे घरात होऊ देऊ नये. माकड लहान, लालसर तोंडाचे. त्याच्या गालांत पिशव्या असतात, त्यांत ते चोरलेले दाणे कोंबून पळते. वानराच्या गालांत पिशव्या नाहीत. त्याची पिशवी पोटात आहे, तिच्याविषयी पुढे सांगू.

पाश्चात्त्यांनी आमच्या वानरास दिलेल्या नावांत मोठी गंमत आहे. कुळाचे नाव ‘सेम्नोपिथेकस’, म्हणजे पूज्य वानर, इथवर ठीक. पण जातींची नावे ठेवताना ते आपल्या ट्रॉयच्या कथेत शिरले. उत्तरेकडील वानरास व्हर्जिलच्या काव्यातील वृद्ध मुष्टियोद्धा एंतेलस याचे नाव मिळाले, इतरांस प्रायम, हेक्टर, एजॅक्स अशी. किष्किंधेच्या वीरांना ट्रॉयच्या वीरांची नावे! सुग्रीव, नल, नील, जांबवान ही नावे जवळ असताना हे व्हावे, ह्याला काय म्हणावे? (जांबवान अस्वल होता, असा आक्षेप कोणी घेईल; तो आम्हांस मान्य आहे.)

आता पोटाची गोष्ट. गोलाङ्गूल ह्या शब्दात शेपटीवरून गाईचे साम्य सांगितले आहे. पण त्याहून मोठे साम्य आत दडलेले आहे. वानराचे जठर साधे नसते. गाईच्या जठरासारखे त्यात वेगवेगळे कप्पे असतात, आणि त्यांत असंख्य सूक्ष्म जंतू पानांतील चिवट तंतू आंबवून त्यांचे अन्न करून देतात. वड, पिंपळ, उंबर, पळस ह्यांची पाने, कळ्या, कच्ची फळे आणि शेंगा ह्यांवर वानराचा उदरनिर्वाह चालतो तो ह्या जठराच्या बळावर. गाईप्रमाणे तोही दुपारी सावलीत स्वस्थ बसतो. तो आळस नसून आत चूल पेटलेली असते.

कोळीवानराची तऱ्हा उलट. त्यास असे जठर नाही, म्हणून पाने त्याला फारशी मानवत नाहीत. त्याचा सारा जीव पिकलेल्या फळांवर. पिकलेली फळे अरण्यात एके ठिकाणी नसतात. आज ह्या झाडावर, तर उद्या कोसभर दूरच्या दुसऱ्या झाडावर. त्यामुळे त्यांचा कळप सकाळी फुटतो, दोन-दोन, चार-चार जण वेगवेगळ्या दिशांना जातात, पुन्हा भेटतात, पुन्हा पांगतात. फळ ते बहुधा बीसकट गिळतात, आणि ती बी दूर कोठे तरी विष्ठेबरोबर पडून रुजते. जी झाडे मोठ्या बियांची आहेत, त्यांच्या बिया गिळण्याइतका गळा अरण्यात फार थोड्या प्राण्यांना असतो. कोळीवानर शिकारीने नाहीसे झाले की, झाडे वरून हिरवी दिसत राहतात, पण त्यांच्या बिया मातेखालीच पडून कुजतात.

संसाराच्या बाबतीतही दोघांचा रिवाज उलटा आहे, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. कोळीवानरांत मुलगे जन्मभर आपल्या कळपात राहतात आणि मुली वयात आल्या की परक्या कळपात जातात. म्हणजे सासुरवास आहे! आमच्या वानरांत मुली माहेरीच राहतात. आजी, आई, मावश्या, बहिणी अशी सारी टोळी बायकांची, आणि मुलग्यांना मात्र मोठे होताच बाहेर पडावे लागते. असे बाहेर पडलेले नर आपली निराळी टोळी करून हिंडतात. वानरीला पिल्लू झाले की ते पहिल्याच दिवसापासून मावश्यांच्या हातोहात फिरते. पिल्लाचा रंग काळपट असतो, आईबापांसारखा रुपेरी नसतो, त्यामुळे ते कोणाच्या कडेवर आहे हे दुरूनही दिसते. अनुभव नसलेली तरुण वानरी ते उलटे धरते, ते किंचाळते, आणि मग आई येऊन हिसकावून नेते. हे दृश्य कोणत्याही बाळंतिणीच्या खोलीत पाहावयास मिळेल.

परंतु ह्या संसाराची काळी बाजूही आहे. टोळीच्या प्रमुख नरास आपल्याकडे हुप्प्या म्हणतात. बाहेरचा नर येऊन जुन्या हुप्प्यास हुसकून लावतो, तेव्हा पुष्कळदा तो अंगावरची पिल्ले मारून टाकतो. १९६०नंतरच्या दोन-तीन वर्षांत युकिमारू सुगियामा ह्या जपानी अभ्यासकाने आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात हा प्रकार पाहून नोंदविला, तेव्हा अनेकांस तो खरा वाटेना. पुढे अबूच्या पहाडावरील वानरांवर सॅरा हर्डी ह्या विदुषीने १९७७ साली ग्रंथ लिहिला. तीत वानरी पिल्लासाठी कशी झुंजतात, म्हाताऱ्या वानरी स्वतःचे मूल नसतानाही कशा मध्ये पडतात, हे विस्ताराने आले आहे. बालमासिकांत वानरांच्या ज्या गोड कथा येतात, त्यांच्या शेजारी ही हकीकतही ठेवली पाहिजे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. कोळीवानर झाडावरून उतरत नाही. तेथील रान तोडले गेले, मधून रस्ता किंवा शेत गेले, की तो पलीकडे जाऊ शकत नाही. माद्यांस तीन-चार वर्षांनी एकदा एकच पिल्लू होते. त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून येण्यास पिढ्या लागतात. पनामाचा कालवा बांधताना नदी अडविली, आणि एक टेकडी पाण्याने वेढली जाऊन तिचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोराडो. तेथील कोळीवानर शिकारीने संपले होते. १९५९ ते १९६६ ह्या काळात तेथे पुन्हा काही पिल्ले सोडण्यात आली. त्यांतून टिकले एकच नर आणि चार माद्या. आज बेटावर जो कळप आहे त्याची मुळे ह्या पाचांपर्यंत जातात. ह्या कुळाच्या एकूण सात जाती मानतात, आणि सातही आज संकटात आहेत. कोळीवानर नाहीसा झाला म्हणजे तेथील लोकांस कळते की अरण्याला काही तरी झाले.

आमच्याकडे तसे कळत नाही, आणि ह्याचे कारण वानराची कर्तबगारी. पाने खाणाऱ्या साऱ्या वानरकुळात जमिनीवर इतका सहज वावरणारा दुसरा नाही. झाड संपले तर तो बांधावरून चालतो, बांध संपला तर पत्र्यावरून उड्या मारतो. पाण्याविना तो पुष्कळ दिवस काढू शकतो, कारण पानांतून त्यास ओल मिळते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा आमचा कसमादेचा मुलूख मुळातच कोरडा. त्यात डोंगरउतारांवरची झाडी विरळ झाली, शेतांच्या बांधांवरची चिंच आणि उंबर गेले, रस्ते रुंद होताना दुतर्फाचे जुने वड गेले. तरी वानर आहेतच! ते डाळिंबाच्या बागेत दिसतात, मक्यात दिसतात, शाळेच्या कौलांवर दिसतात. मग आपण म्हणतो, ‘वानरे फार वाढली.’ वनौकस् घरी येऊन बसला, ह्याचा अर्थ त्याचे घर कोठे गेले असा कोणी विचारत नाही. ज्या शेतकऱ्याचे हातातोंडाशी आलेले पीक तासाभरात गेले त्यास हा प्रश्न विचारण्याची उसंत नसते, आणि त्याचा राग आम्हांस अन्यायाचा वाटत नाही. परंतु आम्हां पांढरपेशांस ती उसंत आहे.

आमचाही ह्यात हात आहे, तो पुण्य जोडण्याच्या मार्गाने. देवस्थानांच्या पायऱ्यांवर आणि घाटांच्या वळणांवर गाड्या थांबवून केळी, फुटाणे, बिस्किटे टाकणारे लोक बहुधा सुशिक्षितच असतात. शनिवारी तर विचारूच नये. त्या केळ्याचे पुढे काय होते ह्याचा हिशेब अभ्यासकांनी केला आहे. नेपाळच्या दक्षिणेस रामनगर येथील रानात, जेथे वानरांना कोणी काही देत नाही, तेथे वानरीस एका पिल्लानंतर दुसरे होण्यास सुमारे अडीच वर्षे लागतात. जोधपुरास, जेथे लोक श्रद्धेने रोज खाऊ घालतात, तेथे हेच अंतर सव्वा-दीड वर्षावर आले आहे. म्हणजे आपल्या दानाने वानर वाढतात, पण वड वाढत नाहीत. वाढलेले वानर शनिवार संपल्यावर काय खाणार? ते शेजारच्या मळ्यात जातात. पुण्य गाडीवाल्यास, आणि खर्च शेतकऱ्याच्या नावे!

आपल्या खेड्यांत एक रिवाज आहे, तो परदेशी माणसास सांगितला तर तो थक्क होईल. वानर विजेच्या तारेस चिकटून किंवा मोटारीखाली सापडून मेला, तर गावकरी त्याची तिरडी बांधतात, भजन करीत मिरवणुकीने नेतात, कोठे कोठे दहावा-तेराव्याचे जेवणही घालतात. ह्या भावनेची आम्ही थट्टा करीत नाही; जगात फार थोड्या लोकांनी पशूला असा मान दिला आहे. पण तो तारेवर का गेला? दोन झाडांच्या मधले तिसरे झाड नव्हते म्हणून. केनियात दियानी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे तो आधी सांगितलेला बिनअंगठ्याचा कोलोबस रस्ता ओलांडताना वाहनांखाली मरत असे; तेथील लोकांनी रस्त्यावरून झाडापासून झाडापर्यंत दोर व रबराच्या शिड्या ताणून बांधल्या, आणि वानरे त्यांवरून येजा करू लागली. आपल्याकडेही तमिळनाडूतील वालपराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी असे झुलते पूल रस्त्यावर टांगलेले आहेत. एका तेराव्याच्या खर्चात अशी किती दोरी येईल, ह्याचा अंदाज गावातील कोणी किराणा दुकानदार चटकन सांगू शकेल.

शेवटी एक काम आम्ही वाचकांच्या, विशेषतः घरातील मुलांच्या, हाती देतो. चालताना वानर शेपूट वर उचलून कमान करतो हे सर्वांनी पाहिले असेल. उत्तर हिंदुस्थानातील वानरांची ही कमान पुढे, डोक्याच्या दिशेने वळलेली असते. दक्षिणेकडील वानरांची मागे वळून टोक पाठीमागे लोंबते. रूनवाल नामक भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी ह्या दोन तऱ्हांची सीमा शोधून काढली, ती स्थूलमानाने तापी आणि गोदावरी ह्यांच्या आसपास येते. आता आपला मुलूख पाहा. सातमाळ्याच्या रांगेच्या उत्तरेस पडलेला पाऊस गिरणेवाटे तापीस मिळतो, आणि दक्षिणेस पडलेला गोदावरीस. म्हणजे ही सीमा आपल्या दाराशीच कोठे तरी असावयास हवी. तरी देवळा, लोहोणेर, कळवण, सटाणा, चांदवड, आणि गोदावरीच्या बाजूस निफाड, सिन्नर येथील वाचकांनी आपल्या गावची टोळी दोन-चार दिवस दुरूनच, हातात काही खाद्य न घेता, पाहावी. गावाचे नाव, टोळीत अदमासे किती वानर, त्यांत पिल्ले किती, आणि चालताना शेपटीचे टोक डोक्याकडे की मागे, एवढे एका पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर धाडावे. ज्यांच्या गावी टोळीतील काहींची शेपूट पुढे व काहींची मागे असेल, त्यांनी तारीख व वेळही अवश्य लिहावी. चैत्र संपेपर्यंत आलेली पत्रे आम्ही नकाशावर मांडून येथेच छापू.